विरजण

आमच्या आणि मगदुमांच्या घरामध्ये
एक पन्हळ होती पत्र्याची, हातभर.
तिचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरतं
यावर सांगलीच्या दिवाणी कोर्टात
अकरा वर्षं तारखा पडल्या.

अकरा वर्षं आई आणि सुभद्राकाकू
एकमेकींशी बोलल्या नाहीत.
नळावर नाही, हळदीकुंकवाला नाही.
तात्या गेले त्या दिवशी काकू
भाकरीची टोपली उंबऱ्यावर ठेवून
मान खाली घालून परत गेली.

पेपरात रोज कुणाच्या तरी आनंदावर विरजण पडतं.
आमच्याकडं ते दुधातच पडायचं,
आणि पुष्कळदा मगदुमांचं.
उन्हाळ्यात दह्याला तार सुटायची,
पाहुणे पातेलं खरवडून जायचे,
मांजर तर होतंच.
मग आई मला मागच्या दारानं पिटाळायची,
"पळ, दिवे लागायच्या आत.
सांज झाली की विरजण कुणी देत न्हाई."
मी काठ चेपलेली वाटी पुढं करायचो,
काकू न विचारता दोन चमचे घालायची.
महिन्याभरानं तीच वाटी घेऊन
त्यांचा बाहुबली आमच्या मागच्या दारात.

एकदा म्हटलं, आपलं भांडण आहे ना?
"भांडण पन्हळीचं हाय," आई म्हणाली,
"विरजणाचं न्हाई."

पुढं मी मार्केट यार्डात हळदीच्या तोलाईवर लागलो.
दिवसभर पोती, संध्याकाळी पापण्यांवर पिवळी धूळ.
तिथं रोज बघतो,
काट्यावर आकडा स्थिर झाला
की दोन्ही पार्ट्या आपापली पावती घेतात
आणि मागं न बघता निघून जातात.
घरी तो आकडा कधी थांबलाच नाही.
आई घेतल्यापेक्षा चमचाभर जास्त द्यायची,
काकू त्याहून थोडं.
कुणाची बाकी कुणाकडं, देवाला ठाऊक.
वकिलाच्या फायलीत तर ही नोंदच नव्हती.

मग कृष्णा गल्लीत आली.
आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं,
एवढंच जो तो विचारत होता.
नवव्या दिवशी परतलो.
फ्रिज उताणा, गाद्यांत गाळ,
आणि पन्हळीसकट भिंत गेलेली.
(दावा शाबूत. वकिलाचं ऑफिस विश्रामबागला.)

दुधाची पिशवी मिळाली, आईनं ते कोमट केलं,
बोट बुडवून बघितलं,
आणि तशीच बसून राहिली.
भिंत नव्हती म्हणून पलीकडचं दिसत होतं,
काकूही पातेल्यापाशी तशीच.
अख्ख्या गल्लीत चमचाभर विरजण नव्हतं.
सगळ्यांकडं एकच होतं,
सगळ्यांचं एकदम बुडालं.

दोन दिवसांनी बुधगावहून अनसूया आली.
मागच्या खोलीत राहायची,
दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेलेली.
आईनं सात वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली होती.
तिनं पिशवीतनं डबा काढला.
"जाताना तुमच्याकडनं नेलतं.
अजून तेच चालू हाय. तुमचंच."

आई म्हणाली, "माझं कुठलं?
सुभद्राचं हाय ते."

गाळ उपसता उपसता काकू थांबली.
अनसूयेकडं बघूनच बोलली,
"खोटं. पयल्यांदा हितनंच आलतं.
मी लग्न होऊन आले तवा."

कुणी काही बोललं नाही.
आईनं डब्यातलं निम्मं वाटीत काढलं.
भाड्याचा विषय अनसूयेनं काढला नाही,
आईनंही नाही.

दिवाळीनंतर पुन्हा तारीख होती.
दोघी एकाच रिक्षातनं कोर्टात गेल्या,
मी पुढं ड्रायव्हरशेजारी.
भाडं निम्मं निम्मं ठरलं,
आईकडं पाच रुपये सुट्टे कमी पडले,
ते काकूनं घातले.
मी खिशात हात घातला
तर आईनं माझं मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली,
"तू देऊ नगंस."